मोटार जागेवरून सुटताना

वेगाची ओढ मनुष्याला आजची नाही. घोड्यांची, बैलगाड्यांची, होड्यांची शर्यत जेथे जेथे झाली, तेथे तेथे लोकांची गर्दी लोटली. परंतु गर्दीतील बहुतेकांची दृष्टी शेवटच्या रेषेकडे असते आणि जाणकाराची दृष्टी पहिल्या क्षणाकडे. शंभर मीटर धावणारा खेळाडू बंदुकीचा आवाज होताच पावलांनी मागे रेटा देऊन कसा सुटतो, यावर त्याच्या शर्यतीचे पुष्कळसे भवितव्य ठरून जाते. मोटारीचेही असेच आहे. स्तब्ध उभी असलेली मोटार पहिल्या दोन सेकंदांत कशी सुटते, हा वरवर पाहता चालकाच्या हौसेचा विषय वाटेल. पण त्याच्या मुळाशी आपण विज्ञानाच्या पुस्तकात शिकतो तीच तत्त्वे आहेत. जडत्व, घर्षण, त्वरण आणि उष्णता या चारही गोष्टी त्या दोन सेकंदांत एकत्र येतात.

या बाबतीत एक समज फार दृढ आहे. चाके किंचाळली, रबराचा धूर निघाला, रस्त्यावर काळे पट्टे उमटले, म्हणजे मोटार झपाट्याने सुटली, असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. जी मोटार सर्वांत लवकर पुढे जाते ती फारसा गाजावाजा न करता जाते. असे का व्हावे, हे समजून घेणे हाच या लेखाचा हेतू आहे.

विवेचनासाठी आपण लहान परंतु बलवान अशी मोटार घेऊ. मागच्या बाजूस वर उघडणारे दार असलेल्या आटोपशीर मोटारीला 'हॅचबॅक' म्हणतात. अशाच मोटारीत नेहमीपेक्षा अधिक शक्तीचे इंजिन बसविले की तिला 'हॉट हॅच' असे नाव मिळते. जर्मनीत १९७६ साली आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय या ११० अश्वशक्तीच्या मोटारीने हा प्रकार लोकप्रिय केला. आपल्याकडे अशा मोटारींशी पुणे जिल्ह्याचा संबंध निकटचा आहे. रांजणगाव येथील कारखान्यात तयार झालेली फियाटची अबार्थ पुंटो २०१५ साली बाजारात आली. तिचे इंजिन १४५ अश्वशक्तीचे, टर्बोयुक्त, आणि गिअर हाताने बदलावयाचे होते. चाकणच्या कारखान्यातून फोक्सवॅगन पोलो निघत असे. या दोन्हींचे उत्पादन आता थांबले आहे. टाटा मोटर्सने २०२४ साली आणलेली अल्ट्रोझ रेसर ही १२० अश्वशक्तीची मोटारही पुण्याचीच. या सर्व मोटारींत एक गोष्ट समान आहे : इंजिनाची शक्ती पुढच्या दोन चाकांना मिळते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे मोठे कारण पडणार आहे.

आता मूळ अडचण काय आहे ते पाहू. पेट्रोलचे इंजिन शून्यातून जोर लावू शकत नाही. बैल उभ्या जागी जू खांद्यावर घेऊन रेटा देऊ शकतो. इंजिनाला मात्र ते साधत नाही. ते मिनिटाला सुमारे आठशे फेऱ्यांच्या खाली गेले की धापा टाकते आणि बंद पडते. एकीकडे फिरते इंजिन आणि दुसरीकडे मुळीच न फिरणारी चाके, अशी ही विषम जोडी. तिचे जमवून देणारा मध्यस्थ म्हणजे क्लच.

क्लचची रचना साधी आहे. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाचे जड चाक असते. त्याच्यासमोर दोन्ही बाजूंनी घर्षणाचे अस्तर लावलेली एक तबकडी असते. तिलाच आपण क्लच-प्लेट म्हणतो. बळकट स्प्रिंगच्या दाबाने ही तबकडी फ्लायव्हीलवर घट्ट दाबलेली असते. डाव्या पायाने पेडल दाबले की हा दाब सुटतो आणि इंजिन व चाके यांचा संबंध तुटतो. पेडल हळूहळू वर सोडले की तबकडी प्रथम नुसती घासते, मग अर्धवट पकडते आणि अखेर फ्लायव्हीलशी एकरूप होऊन फिरू लागते. घासण्यापासून एकरूप होण्यापर्यंतचा हा काळ म्हणजेच आपले पहिले दोन सेकंद. चालक मंडळी याला 'हाफ क्लच' म्हणतात.

शक्तीच्या या साखळीत शेवटचा दुवा टायरचा. चार टायर जमिनीला टेकतात ती जागा प्रत्येकी सुमारे तळहाताएवढीच असते. इंजिनाची सगळी शक्ती अखेर पुढच्या दोन 'तळहातां'मधून रस्त्यावर उतरते. तेथे काम करते ते घर्षण. पृष्ठभागांवरील दाब जितका अधिक तितके घर्षण अधिक, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ आमोंताँ याने १६९९ साली मांडला. रबराच्या बाबतीत तो तंतोतंत लागू पडत नसला, तरी आपल्या हिशेबापुरता तो पुरेसा आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगल्या टायरचा घर्षणांक सुमारे ०.९ धरता येतो. म्हणजे टायरवर जेवढा भार, त्याच्या नऊदशांश एवढाच रेटा तो रस्त्याला देऊ शकतो. त्याहून अधिक मागितल्यास टायर घसरतो. आणि एकदा पुरता घसरू लागला की त्याची पकड पूर्वीपेक्षाही कमी होते. जड पेटी जमिनीवरून ढकलताना पहिल्या धक्क्याला अधिक बळ लागते आणि ती सरकू लागल्यावर कमी लागते, हा अनुभव सर्वांना असेल. टायरचेही तसेच. थोडीशी सरक त्याला मानवते. चाकाचा परीघ रस्त्याच्या मानाने दहा-पंधरा टक्के अधिक वेगाने फिरत असता पकड सर्वांत जास्त मिळते. त्यापलीकडची सरक ही निव्वळ उधळपट्टी होय.

आता थोडे गणित करू. चालकासह १,२०० किलोग्रॅम वस्तुमानाची मोटार आहे असे समजा. इंजिन पुढे असल्यामुळे उभ्या स्थितीत साठ टक्के भार, म्हणजे ७२० किलोग्रॅम, पुढच्या चाकांवर असतो. पण मोटार पुढे झेपावली की भार मागे सरकतो. बस एकाएकी सुटली की उभे असलेले प्रवासी मागे रेलतात, तसेच मोटारीचे अंगही मागे रेलते. मोटारीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर उंचीवर आणि पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर अडीच मीटर धरले, तर पूर्ण त्वरणाच्या वेळी पुढच्या चाकांवरील सुमारे १२० किलोग्रॅम भार मागे जातो. पुढे उरतो ६०० किलोग्रॅम. ज्या चाकांनी ओढायचे, नेमकी तीच अशा वेळी हलकी होतात! या ६०० किलोग्रॅम भारावर टायरांना जास्तीत जास्त सुमारे ५,३०० न्यूटन रेटा देता येतो, आणि त्यातून मोटारीला दर सेकंदाला सेकंदास सुमारे ४.४ मीटर एवढे त्वरण मिळते.

इंजिन किती देऊ शकते ते आता पाहू. अबार्थ पुंटोचे इंजिन २१२ न्यूटन-मीटर एवढा पीळ, ज्याला टॉर्क म्हणतात, निर्माण करीत असे. पहिल्या गिअरमध्ये हा पीळ दातेरी चाकांच्या योगाने कित्येक पट वाढतो. सोयीसाठी तो तेरा पट धरू, वाटेत होणाऱ्या घर्षणापायी दहा टक्के वजा करू आणि चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर मानू. उत्तर येते सुमारे ८,२०० न्यूटन. म्हणजे इंजिन देऊ शकते ८,२०० आणि टायर पेलू शकतो ५,३००! इंजिनापाशी जे आहे त्याच्या दोनतृतीयांशाच्या आतबाहेरच रस्ता घेऊ शकतो. उरलेले सर्व चाके फिरविण्यात, रबर जाळण्यात आणि आवाज करण्यात खर्च होते. तेव्हा अशा मोटारीच्या चालकापुढचा प्रश्न अधिक शक्ती आणावी कोठून हा नसून, असलेली शक्ती आवरावी कशी हा आहे.

आरंभ बिघडण्याचे प्रकार मुख्यतः दोन. इंजिनाचे फेरे फार कमी ठेवून क्लच झटकन सोडला, तर थांबलेल्या मोटारीचा सारा बोजा एकदम इंजिनावर पडतो. ते दबते, गचके देते आणि कित्येकदा बंद पडते. टर्बो असलेल्या इंजिनात हा दोष अधिक जाणवतो. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या झोताने फिरणारा पंखा. तो ताजी हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो. फेरे कमी असताना झोतच क्षीण असल्यामुळे हा पंखा जवळजवळ झोपलेला असतो. याच्या उलट, फेरे फार वाढवून क्लच सोडला तर फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जा एका क्षणात चाकांवर आदळते, पकड सुटते आणि चाके जागच्या जागी गरगरतात. विहिरीतून भरलेली घागर काढताना दोर आधी ताणून घ्यावा व मग ओढावे. झटका दिला तर पाणी सांडते किंवा दोर तुटतो. या दोन्ही चुकांवरचा उतारा या साध्या अनुभवात आहे.

कुशल चालक पुढीलप्रमाणे वागतो. प्रथम तो पुढची चाके सरळ करून घेतो. चाके वळलेली असता टायरची काही पकड मोटारीला वळविण्यात खर्च होते आणि ओढण्यासाठी कमी उरते. मग क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर घालतो आणि इंजिनाचे फेरे मिनिटाला दोन ते तीन हजारांच्या दरम्यान स्थिर धरतो. नेमका आकडा मोटारीवर, टायरवर आणि रस्त्यावर अवलंबून असतो. त्यानंतर क्लच वर सोडीत तो 'पकडतो' त्या जागेपर्यंत आणतो. इंजिनाचा आवाज किंचित जड होणे ही त्या जागेची खूण. तेथे पाय क्षणभर थांबतो. मोटार हलू लागते. मग वेग वाढेल त्या प्रमाणात क्लच उरलेला वर येतो आणि त्याच वेळी उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटर बेताबेताने दाबीत जातो. डावा पाय सोडतो आणि उजवा देतो; दोघांचे एकमत झाले पाहिजे. चाके घसरू लागल्याचे जाणवले तर उजवा पाय थोडासा उचलावा, पकड परत येते. पूर्ण उचलला तर मिळविलेला वेग वाया जातो. क्लच एकदा पूर्ण सुटला की त्यावरून पाय काढून घ्यावा आणि फेरे पुरेसे वाढताच दुसरा गिअर घालावा.

क्लचच्या कष्टांचाही हिशेब केला पाहिजे. आपल्या मोटारीत इंजिन २,५०० फेऱ्यांवर स्थिर धरले, तर मोटारीचा वेग ताशी सुमारे २२ किलोमीटर होईपर्यंत क्लच घासत राहतो. तेवढ्या काळात मोटारीला सुमारे २२,००० ज्यूल गतिज ऊर्जा मिळते. आणि गंमत अशी की जवळजवळ तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. चहाच्या कपाएवढे, म्हणजे १०० ग्रॅम पाणी या उष्णतेने ५० अंशांहून अधिक तापेल. हेच फेरे ४,००० ठेवले तर उष्णता दीडपट होत नाही, अडीचपट होते. कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. असे चार-सहा आरंभ लागोपाठ केले की जळका वास येऊ लागतो. तो वास क्लच-प्लेटच्या अस्तराचा असतो, आणि ते अस्तर पुन्हा भरून येत नाही.

पावसाळ्यात सारे आकडे बदलतात. आपल्या दादरा आणि नगर हवेलीत पावसाचे चार महिने कसे असतात हे सांगावयास नको. ओल्या रस्त्यावर घर्षणांक ०.५ धरला, तर टायर जेमतेम ३,२०० न्यूटन रेटा पेलू शकतो. मालमोटारींच्या चाकांबरोबर आलेला चिखल किंवा सांडलेले तेल असेल तर तेवढाही नाही. त्यातून मोटारीतील डिफरन्शियल नावाची यंत्रणा दोन्ही चाकांना सारखाच पीळ देते. म्हणून एक चाक चिखलात घसरले की कोरड्या जागी असलेल्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच अल्प पीळ मिळतो. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर अधिक दाबणारा चालक केवळ खड्डा अधिक खोल करतो. नव्या मोटारींतील विद्युत्-यंत्रणा चाक घसरताच इंजिनाचा जोर आपोआप कमी करते. ती यंत्रणा जे करते, तेच शहाणा चालक पायाने करीत असतो.

येथवरचे विवेचन शर्यतीच्या मोटारीचे वाटेल. पण याच ज्ञानाची खरी कसोटी आपल्या घराजवळ लागते. सिल्वासाहून खानवेलकडे आणि तेथून पुढे दुधनीकडे जाणाऱ्या डोंगराळ रस्त्याची कल्पना करा. दहा मीटर अंतरात एक मीटर चढणारा चढ आहे, पुढची बस थांबली म्हणून आपली मोटारही थांबली आहे. आता उतार आपल्या मोटारीला जवळजवळ १,१७० न्यूटन बलाने मागे खेचीत आहे. ब्रेकवरून पाय काढला आणि क्लच वेळेवर पकडला नाही, तर पहिल्या सेकंदात मोटार सुमारे अर्धा मीटर मागे घसरेल. दुसऱ्या सेकंदाअखेर जवळजवळ दोन मीटर. मागे दुचाकीवर एखादे कुटुंब उभे असेल, तर ते दोन मीटर किती महाग पडतील! येथे उपाय तोच, फक्त हँडब्रेकची मदत घ्यावयाची. हँडब्रेक ओढलेला असू द्यावा. इंजिनाला थोडा जोर द्यावा. क्लच पकडल्याची खूण मिळाली, मोटारीचे नाक किंचित ताणले गेले, की मगच हँडब्रेक सोडावा. मोटार एक बोटभरही मागे न जाता चढू लागते. चढावावर पुढच्या चाकांवरील भार आणखी कमी होतो, म्हणून घाई येथे अधिकच घातक. शर्यतीच्या मैदानावर जो संयम एक सेकंद वाचवितो, तो घाटात एखाद्याचा प्राण वाचवू शकतो.

झटपट आरंभाची हौस कोठे भागवावी, यालाही मर्यादा आहे. त्यासाठी स्वतंत्र जागा आहेत. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ साली स्थापन झाला आणि मद्रासजवळच्या शोलावरम येथील जुन्या विमान-धावपट्टीवर पुढे अनेक वर्षे शर्यती झाल्या. आज चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै आणि कोइमतूर येथे खास शर्यतीचे मार्ग आहेत. आपल्या महाराष्ट्रात लोणावळ्यापलीकडे आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतील शर्यती झालेल्या आहेत. अशा शर्यतीचे रूढ अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर असते. तेथे शिरस्त्राण असते, रुग्णवाहिका असते, आणि समोर कोणी रस्ता ओलांडीत नसते.

सार्वजनिक रस्त्याची गोष्ट वेगळी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमान्वये शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच अपराधाला तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. त्याच दुरुस्तीने १९९-अ हे कलम आणले. अल्पवयीन मुलाने मोटार चालवून अपराध केल्यास पालकाला किंवा वाहनाच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. घरातील किल्ली मुलाच्या हाती कौतुकाने देणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे कलम एकदा अवश्य वाचावे.

विद्यार्थी मित्रांनो, अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर तुमच्यापैकी पुष्कळजण मोटार चालवावयास शिकतील. काहीजण पुण्याच्या एखाद्या कारखान्यात ती घडवतीलही. तोवर या शास्त्राचा अनुभव घ्यावयाचा तर सायकल पुरेशी आहे. ओल्या रस्त्यावर सायकल घेऊन पेडलवर एकदम उभे राहिले तर मागचे चाक कसे सरकते, आणि तोच जोर हळूहळू लावला तर ती कशी सरळ निघते, हे मोकळ्या मैदानावर पाहावे. मोटारीच्या १४५ अश्वशक्तीला आणि तुमच्या दोन पायांना नियम एकच आहे. बळ किती आहे यापेक्षा जमिनीला ते किती पेलते हे ज्याने ओळखले, तोच लवकर आणि सुखरूप पुढे जातो.